मैनेची डावी बाजू

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. माहेरी नाही, पोरीजवळ नाही, आणि ज्यांच्या पायात माझ्यामुळे रॉड बसला त्या आमच्या मालकांजवळ तर नाहीच. मालक म्हणजे माझा नवरा — आमच्याकडे असंच म्हणतात. आज सांगतेय. वाचून माझी कीव करू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

चिंचोळी एमआयडीसीच्या मागे आमचं शेत आणि गोठा. तरण्या घोड्यांना खोगिराची सवय लावून द्यायची, हा मालकांचा धंदा. लोक लांबून घोडी आणून सोडायचे. शिकवून झालं की घोड्याचा धनी यायचा, नारळ फुटायचा आणि मालक त्याच्यासमोर घोड्यावर ‘पहिल्यांदा’ बसायचे. मग त्यांना मानाचा फेटा. आमच्या पत्र्याच्या पेटीत फेटेच फेटे आहेत.

पण खरं पहिल्यांदा कोण बसायचं? मी. लग्नानंतर मालकांची कंबर धरली, तेव्हा तेच म्हणाले, "तू हलकी हायस, तूच बस." कारखान्यांच्या बसगाड्या रस्त्याला लागायच्या आत, पहाटे मी बसायचे. आधी घोड्याच्या पाठीवर रिकामं पोतं, मग खोगीर, मग पोटाखालचा पट्टा हळूहळू आवळायचा, मग नुसतं आडवं पडून राहायचं — घोडं अंग सैल सोडेपर्यंत. आपटलेही पुष्कळदा. नाव मालकांचं व्हायचं, त्याचं मला काही वाटत नव्हतं. नव्हतं? — वाटत होतं.

मैना ही करकंबच्या एका बागायतदाराची घोडी. काळीभोर, माळावर मोकळी वाढलेली, माणसाचा हात माहीत नसलेली. तिने मला पाठीवर घेतलं त्याच दिवशी दुपारी बागायतदार तिला बघायला आले. चहा देता देता मी तिच्या मानेवरून हात फिरवला, तर ते म्हणाले, "बाईमाणसाचा हात लागू देऊ नका हां, घोडं बिघडतंय." आणि मालक हसले. हसून म्हणाले, "छ्या! हिला काय कळतंय त्यातलं? ही फकस्त शेण काढती की."

शेण काढती. माझ्या साडीला तेव्हा मैनेच्या घामाचा वास येत होता.

घोड्याचं एक असतं. एका बाजूने शिकवलेलं त्याला दुसऱ्या बाजूने येत नाही. उजवीकडून चढणारं माणूस ओळखीचं झालं, तरी तेच डावीकडून आलं तर ते बुजतं. मी ठेंगणी, म्हणून दगडी कट्ट्यावरून चढते, तेही उजवीकडून — माझी सवयच तशी. पण नंतर मी घोडं फिरवून उभं करायचे आणि डावीकडूनही तितकंच चढायचे, कारण बाकी सगळी माणसं डावीकडून चढतात. मालकही.

मैनेला मी फिरवलं नाही. विसरले? विसरायला मी काय काल आले होते या गोठ्यात? मुद्दाम केलं. रोज पहाटे उजवीकडून चढले, उजवीकडून उतरले, तिला गुळाचा खडा दिला. मालकांनी विचारलं, "तयार हाय का?" मी म्हटलं, "व्हय."

नारळ फुटला. मालकांनी डाव्या रिकिबीत पाय घातला आणि मैना अशी उधळली की ते खाली आणि ती त्यांच्या अंगावर. मांडीचं हाड मोडलं. लोकांनी ते मोबाइलवर घेतलंय, अजून कुणाकुणाच्या फोनवर फिरत असतं. त्यात एका कडेला मी दिसते, तोंडाला पदर लावलेली. बघणारे म्हणतात, बिचारी.

चारचौघांत त्यांची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं. हाड मोडावं असं मनात नव्हतं — पण म्हणून मी सुटत नाही, आणि मला सुटायचंही नाही. ते लंगडत चालतात. वाईट वाटतं का? वाटतं. मग ते हसणं आठवतं आणि वाटायचं थांबतं. आता लोक घोडी माझ्याकडे आणतात. मी भर दुपारी सगळ्यांसमोर बसते आणि फेटाही मीच बांधून घेते. मालक बाजेवरून बघत असतात. त्यांनी हे वाचलं तर वाचू दे.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही.

मैनेला सगळ्यांनी खोडीची ठरवलं. मालक अजून दवाखान्यातच होते, तेव्हाच बागायतदारांनी तिला विकून टाकलं. न्यायला आलेला माणूस आमच्याच अंगणात तिच्यावर बसून बघायला लागला — डावीकडून. ती उधळली. त्याने चाबूक मारला आणि परत डावीकडूनच गेला. परत चाबूक. मार चुकवत चुकवत ती कट्ट्याजवळ आली आणि उजवं अंग कट्ट्याला लावून गुमान उभी राहिली. मी शिकवलं होतं तशी. माझी वाट बघत.

मी चार हातांवर होते. "उजवीकडून चढा" — एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, "तुला गं कसं ठाव?"

चाबूक पुन्हा वाजला. मी शेणाची पाटी उचलली आणि आत गेले.