लसीचा दहावा माणूस

ताप गावात येतो आणि निघून जातो, पण त्याबद्दल लोक जे बोलतात ते मुक्कामालाच राहतं. फ्लूच्या त्या साली मी आमच्या गावात जेवढी मतं ऐकली, तेवढी लेक्चरं बी.एस्सी.च्या तीन वर्षांत ऐकली नाहीत. आता आम्ही मैत्रिणी जमलो की एका किश्श्यावर भागत नाही, त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो.

सुरुवात झाली उपकेंद्रातल्या सिस्टरच्या नियमापासून. लस फक्त गरोदर बायांना आणि शुगर-बीपीवाल्यांना. एका कुपीत दहा जणांची लस, फोडली की त्याच दिवशी संपवायची. आणि सिस्टरकडे कुपी एकच! "एकीसाठी फोडून नऊ वाया घालवल्या तर वर उत्तर मला द्यावं लागतं. दहा माणसं आण, लगेच फोडते," ती म्हणाली. शुक्रवारी चार वाजता लसीचा थंड डबा घाटंजीला परत जाणार होता.

यादीत पहिलं नाव माझ्या वहिनीचं. सातवा महिना. शेजारच्या गावातली, तेवढेच दिवस गेलेली एक बाई त्याच तापाने यवतमाळला श्वासाच्या मशीनवर होती. म्हणून मला उरलेली नऊ नावं हवीच होती. गावातली दुसरी एक गरोदर बाई लगेच तयार झाली. राहिले आठ. गावातलं सगळं शुगर-बीपी म्हाताऱ्यांकडे, म्हणजे गाठ त्यांच्याशीच.

*

पहिले गाठले मोठे बाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना शुगर आहे हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. घाटंजीच्या बाजारात ते अनोळखी माणसाला थांबवून जांभळाच्या बियांचं चूर्ण कसं घ्यायचं ते सांगतात. रोज दुपारी आमच्याकडे चहा पितात, आणि तो वहिनी वेगळ्या भांड्यात बिनसाखरेचा करते.

सिस्टरला घरी आणून मी वही उघडली, तर मोठे बाबा सिस्टरच्या तोंडावर म्हणाले, "शुगर? कोणाले? मले काहीच नाही."

हातात तोच फिका चहा होता.

*

गुरुजी रिटायर झालेत, पण शिकवणं सुटलेलं नाही. त्यांना बीपी आहे आणि ते लपवत नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "कंपनीनं सांगतलं, या बियाण्याच्या कपाशीवर बोंडअळी येत नाही. आली का नाही? आता सुईही कंपनीचीच. मी काहून विश्वास ठेवू?"

यावर मला हसता आलं नाही. आमच्याही शेतात बोंड फोडलं की आत अळीच निघत होती. पण नावं हवी होती.

"गुरुजी, अळी आल्यावरही तुम्ही तेच बियाणं चार वर्षं पेरलं. ही सुई एकदाच घ्यायची आहे."

गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर शुक्रवार शोधला. मग म्हणाले, "शुक्रवारी किती वाजता?"

*

गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथे नायकाचा शब्द चालतो. नायक म्हणाले, आधी तांडा तयार होऊ दे, मग मी. तांडा म्हणाला, नायकाच्या आधी आम्ही कसं घेणार? दोन चकरा झाल्या आणि माझी चप्पल तुटली.

तिसऱ्या वेळी मी नायकाकडे गेलेच नाही. नायकीण शेतात कापूस वेचत होती, तिच्याशेजारी कमरेला ओटी बांधून मीही वेचायला लागले. तिचं बीपी सिस्टरच्या वहीत होतं. अर्धी ओळ झाल्यावर ती हात न थांबवता म्हणाली, "आमचे लोक बैलांवर माल लादून फिरत, तवा तांड्याच्या पुढं नायक नाही चालत होता. पुढं बैल चालत होता."

तिने मूठभर कापूस ओटीत टाकला.

"लिही माहं नाव. बैल मी."

तिच्यासोबत शुगर-बीपीवाल्या चार बाया आल्या. नायकही आले, अर्थात मागून.

*

आता माझे बाबा. त्यांना ना शुगर ना बीपी, ते ती दुसऱ्यांना देतात. वहिनीचं नाव यादीत बघून ते भडकले. "पोटातल्या लेकराले सुई टोचता का?"

त्याच महिन्यात ढोरांचा डॉक्टर घटसर्पाची लस घेऊन आला होता. तेव्हा बाबा पहाटेच गाभण गाय घेऊन लायनीत पहिले उभे होते. मी तेवढंच विचारलं, की मग गाईला कशी दिली?

"गाईची गोष्ट अलग आहे. गाय विकत घ्यावी लागते."

दादा मान खाली घालून जेवत होता. आणखी काय करणार तो! वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. सासऱ्यापुढे कधी न बोलणारी बाई, पण त्या दिवशी बोलली.

"बाबा, मी तर फुकटचीच आहे. काही झालं तरी तुमचं नुकसान नाही. शुक्रवारी जाऊन येईन."

बाबा अर्धी भाकर टाकून उठले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

*

शुक्रवारी साडेतीन वाजले. नऊ माणसं हजर, दहावा नाही. एका आजोबांनी येतो म्हणून सांगितलं आणि सकाळच्याच एसटीने लेकीकडे गेले. सिस्टर डब्याचा पट्टा आवळायला लागली. मोठे बाबा मात्र उपकेंद्राच्या ओट्यावर आरामात बसलेले, गंमत बघायला.

वहिनी उठून शेजारीच असलेल्या आमच्या घरी गेली आणि केटली घेऊन आली. सगळ्यांना चहा दिला. शेवटचा ग्लास मोठ्या बाबांपुढे धरला.

"मोठे बाबा, आज तुमच्या चहात चार चमचे साखर टाकली. तुमाले तर काहीच नाही ना."

मोठ्या बाबांनी ग्लास घेतला. गुरुजी बघत होते, सगळा तांडा बघत होता. त्यांनी चहावर फुंकर मारली. पुन्हा मारली. चहा पार निवला तरी मारतच होते.

"प्या ना भाऊ," नायकीण म्हणाली.

मोठे बाबा उठले. ग्लास सिस्टरच्या टेबलावर ठेवला आणि बाहीचं बटण सोडलं.

सिस्टरने रजिस्टर पुढे ओढलं. "काय लिहू? शुगर, बीपी, का गरोदर?"

मोठ्या बाबांनी एकदा वहिनीकडे बघितलं.

"गरोदर लिही."