बंदीपूरचा हत्ती आणि आमचं मोरया

साठ-एकसष्टची गोष्ट. अक्काचं, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि ती जाणार कुठे, तर सोलापूरला! तिथं कुठलं आलंय जंगल? लहानपणापासून ती अण्णांच्या मागे लागलेली, मला हत्ती बघायचाय. म्हैसूरच्या दसऱ्यातला नटवलेला नाही हं, रानातला! अण्णांचं दर वेळी एकच, "सरी, बरं बाई, पुढच्या वर्षी नक्की." पण आता पुढचं वर्षच उरलं नव्हतं! शेवटी लग्नाला महिना असताना अण्णा, त्यांची बहीण म्हणजे आमची आत्या, अक्का आणि मी चामराजपेटेतल्या आमच्या घरून निघालो ते म्हैसूरमार्गे थेट बंदीपूर.

सकाळी जंगलखात्याची व्हॅन निघाली. ड्रायव्हरने आधीच कन्नडमध्ये दम भरला, सुम्मने बसायचं, तोंडातून आवाज नको!

तासभर काय दिसलं? चितळं, मोर, परत चितळं. इतकी गोड होती ती, पण अक्का बघेचना. तिला हत्तीच हवा होता. आणि एका वळणावर बांबू हलले, बाहेर आलं हे एवढं डोकं! सुळे! आत्याचे हात आपोआप जुळले आणि ती खणखणीत म्हणाली, "गणपती बाप्पाऽऽ"

आता सांगा, हे ऐकल्यावर गप्प बसता येतं का? अण्णा आणि मी एकदम ओरडलो, "मोरया!"

हत्तीने कान फडकवले, वळला आणि गेला! अक्का पलीकडच्या खिडकीत होती. ती इकडे येईपर्यंत नुसते बांबू हलत होते.

ड्रायव्हर गर्रकन वळला आणि कन्नडमध्येच खेकसला, "हा काय तुमच्या गल्लीतला मांडव आहे?" अण्णांनी मान खाली घातली.

"अगं, देव समोर आल्यावर हात जोडू नको?" आत्या पुटपुटली.

"मनातल्या मनात जोडायचे की गं आत्या!" अक्काचे डोळे भरले. "आता सोलापुरात मला हत्ती कोण दाखवणार?"

ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण रडणं कळलंच असणार. त्याने गाडी एका तळ्याकाठी नेली, इंजिन बंद केलं. "स्वल्प थांबू," तो म्हणाला आणि आत्याकडे बोट रोखलं. आत्याने मुकाट्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला. अण्णांनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले!

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग झाडीतून एक हत्तीण आली, तिच्यामागे दुसरी, आणि दुसरीच्या पोटाखाली पिल्लू! एवढंसं! सोंडेचं करायचं काय, हेच त्याला माहीत नव्हतं, सारखं स्वतःच्याच सोंडेवर पाय देत होतं. पदराआडून आत्याचं हूं हूं चाललेलं. अक्काने माझी वेणी गच्च धरली होती. इतकं दुखत होतं ना, पण मी आवाज काढला नाही. हत्ती झाडीत शिरले, दिसेनासे झाले, तरी अक्काने माझी वेणी सोडली नाही.