वन्संचा ताप आणि पॅराशूटची फाइल

माझ्या नणंदेला कचेरीत सगळे 'कात्री' म्हणत. तोंडावर नव्हे, पण वन्संना ते माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं. संरक्षण खात्याचा खर्च तपासणाऱ्या विभागात त्यांचा जन्म गेला. विश्रामगृहाचे नवे पडदे, बड्या अधिकाऱ्यांच्या मोटारी, बँडवाल्यांचे जरीचे डगले, सगळ्यांवर त्यांची लाल शाई फिरलेली. "देशाचं रक्षण पडदे करत नाहीत," असं त्या फाइलवर चक्क लिहीत. माणूस तिखट होता, यात वाद नाही. पण त्यांनी आडमुठेपणापायी बढती घालवली असं जे अजून बोललं जातं, ते मला मान्य नाही. मी तेव्हा घरात होते.

लग्न मोडल्यावर त्या आमच्याकडे आल्या त्या कायमच्या. मंदीच्या वर्षी ह्यांचा छापखाना बंद पडला आणि तिघांचं घर वन्संच्या पगारावर चालू लागलं. सरकारकडे कर जमेना. प्रत्येक खात्याला खर्च कमी करण्याचं फर्मान निघालं. विमानांचे, जहाजांचे हप्ते करारात बांधलेले, त्यांना हात लावता येईना. मग राहिले बूट, पांघरुणं, दुरुस्त्या. त्यातच कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून पॅराशूट निघाली. ठरावीक वर्षं झाली की ती बाद करून नवी घ्यायची असतात. तर त्यांचं आयुष्यच तीन वर्षांनी वाढवायचं, म्हणजे यंदाची खरेदी वाचली!

वन्संनी विचारलं, कापडाची, दोऱ्यांची चाचणी कुणी केली? कुणीच नाही. त्यांनी सही करायचं नाकारलं. त्याऐवजी यंदाची परेड रद्द करा, तेवढाच पैसा वाचतो, असं सुचवलं.

"परेड लोकांना दिसते," जेवताना हे म्हणाले. "पॅराशूट कोण बघतं?"

"जो उडी मारतो तो बघतो, दादा. मान वर करून."

"आणि तुझी नोकरी गेली तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"तुझं ताट माझ्या पगाराचं आहे म्हणून कुणाला फाटकं कापड बांधू का पाठीला?"

ह्यांनी ताट सरकवलं आणि उठले. मलाही वन्संचा राग आला. ताटावर बसलेल्या माणसाला असं बोलू नये.

त्या कचेरीची एक रीत होती. सहीही करायची नाही आणि भांडणही नको, तर माणसाने आजारी पडायचं. मग हाताखालचा माणूस सही करी, फाइल पुढे जाई, आणि आजारी माणूस टुणटुणीत होऊन परत येई. कुणाचं नाव खराब होत नसे. साहेब वन्संना रोज सुचवत होते, "बाई, फार थकलेल्या दिसता हो." वन्सं म्हणत, "माझा चेहराच तसा आहे."

आणि फाइल सोमवारी पुढे जायची, तर आदल्या शनिवारी त्यांना खरोखरच ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं. रविवारी साहेब संत्र्यांची पिशवी घेऊन हजर.

"अरे वा!" वन्संना पांघरुणात बघून ते बोलून गेले. मग सावरले. "म्हणजे, अरेरे. आता चार दिवस उठायचं नाही. उद्याचं आम्ही बघतो."

"ताप मला आलाय साहेब, फाइलीला नाही. मी येणार."

"हट्ट सोडा, बाई. बढती तोंडावर आलीय. डॉक्टरचा दाखला मी मिळवून देतो."

"दाखला मिळतच असेल तर त्या कापडाचा आणा. आणखी तीन वर्षं टिकेल असा. इथेच सही करते, पडल्या पडल्या."

साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी समजवा यांना."

शाळेत कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला पाहुण्यांशी अदबीनं बोलायला शिकवलं होतं. मी अदबीनंच पिशवी त्यांच्या हातात दिली. "संत्री घेऊन जा, साहेब. आमच्याकडे कुणी आजारी नाही."

दार लावून वळले, तर हे आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभे. सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता मला बोलणार.

"संत्री तरी ठेवून घ्यायचीस," एवढंच म्हणाले.

सोमवारी टॅक्सी बोलावायला हेच खाली उतरले. कचेरीच्या पायऱ्या वन्सं आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चढल्या. त्यांच्या खोलीत हाताखालचा उपअधिकारी पेन उघडून बसला होता. त्यांना बघून खुर्चीतून असा उठला, जणू खुर्ची तापली होती. वन्संनी बसून लिहिलं : चाचणी न करता आयुष्य वाढवायला माझा विरोध आहे. खाली पूर्ण नाव. मग डोकं टेबलावर टेकलं.

आता त्यांच्या विरोधाखाली कुणीतरी वरच्याने स्वतःच्या सहीने 'तरीही मंजूर' लिहायला हवं होतं. फाइल वर गेली आणि वरच्या मजल्यांवर आजाराची साथच आली! एकाची पाठ, दुसऱ्याचे दात. शेवटी त्या वर्षी परेडमध्ये विमानं उडाली नाहीत आणि पॅराशूट नवी आली.

बढती उपअधिकाऱ्याला मिळाली. वन्संना पेन्शन विभागात पाठवायचं ठरलं. त्यालाही एक रीत होती : अशी बदली 'स्वतःच्या विनंतीवरून' दाखवायची. साहेबांनी कागद पुढे केला.

"मी विनंती केलेली नाही," वन्सं म्हणाल्या. "शिक्षा आहे, तर शिक्षा लिहा."

ते लिहायची कुणाची छाती होईना. कारणाची जागा कोरी ठेवूनच हुकूम निघाला. तो कागद त्यांनी घरी येऊन ह्यांच्या पुढ्यात ठेवला. ह्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"यात कारणच नाही की गं."

"त्यांना विचार," वन्सं म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.