ब्रिनने बोट उचललं नाही

मर्ल हॉगन आणि मी शाळेत एकाच वर्गात होतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना मी आदरबिदर फारसा ठेवत नाही. धान्याच्या गोदामापाशी माझा कॉफीचा काउंटर आहे आणि सकाळी तिथे जमणाऱ्या म्हाताऱ्यांत सगळ्यात कमी बोलणारा तो. जन्मभर गहू आणि सूर्यफूल पिकवलं, कुणाशी भांडला नाही, कुणापुढे हात पसरला नाही. मग डोळ्यांनी दगा दिला. समोरचं सगळं धूसर, कडेचं तेवढं दिसतं. त्याने लायसन्स स्वतःहून परत केलं. आमच्याकडे हे सोपं नाही, गाडीशिवाय इथे माणूस अंगणाबाहेर पडत नाही.

त्याची बायको आर्लिस गावातल्या वृद्धाश्रमात असते आणि मर्लचं शेत गावापासून वीस मैल. दर रविवारी त्याला तिच्याकडे नेणारं माणूस एकच, नात ब्रिन. सोळा वर्षांची. आईबाप वेगळे झाले तेव्हापासून ती आजोबांकडेच वाढली.

तेराव्या वर्षी ब्रिनला शाळेच्या मैदानात आकडी आली होती. औषध सुरू झालं, आकडी थांबली. पुढे डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, पण दोघांना समोर बसवून बजावलं, "खाली पडून हातपाय झाडले म्हणजेच फिट, असं नाही. क्षणभर नजर थिजली, हाक ऐकू आली नाही, तरी ती फिटच. तसं झालं की गाडी बंद आणि मला फोन. मग सहा महिने काही झालं नाही, तर पुन्हा बघू." मर्लने मान डोलावली. मनात मात्र ठरवून टाकलं की पोरगी पडली तर आकडी, बाकी सगळं डॉक्टर लोकांचं सावधपण.

ब्रिन गाडी छान चालवायची. आठवडाभर शाळेत जाताना शेजारच्या ऑर्विलच्या नातीलाही सोबत न्यायची. ती टिली, सात वर्षांची, अखंड बडबडी.

आता आमच्या खडीच्या रस्त्यांची एक रीत आहे. समोरून गाडी आली की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. माणूस ओळखीचा असो वा नसो. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा एकमेकांना बोट उचलतात, मग पुढे जाऊन शिव्या देतात. कुणी उचललं नाही तर दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर त्याची चर्चा होते.

तशी ती झाली. कापणी उरकली होती, सगळे निवांत होते. ऑर्विल म्हणाला, "मर्ल, तुझी नात आता फार मोठी झाली बाबा. काल समोरून आली, मी बोट उचललं, तर हिचं आपलं सरळ पुढे बघणं. मी तिचं काय घोडं मारलंय?"

"तुझं थोबाड बघून मीसुद्धा सरळ पुढेच बघते," मी म्हणाले. सगळे हसले.

मर्ल हसला नाही. म्हणाला, "पोरं आपल्याच तंद्रीत असतात. सांगतो तिला." मला वाटलं, नातीच्या वागण्याची लाज वाटली असेल. तसं नव्हतं. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून समोरच्या प्रत्येक गाडीला त्याच्याआधी बोट उचलणारी पोरगी ती. तिने उचललं नाही म्हणजे तिला गाडी दिसलीच नव्हती, डॉक्टर म्हणाले होते तशी नजर थिजली होती.

ऑर्विलनेच त्याला घरी सोडलं. मर्ल वाटभर गप्प, आणि घरी गेल्यावरही मूग गिळून बसला. किल्ली काढून घेतली तर आर्लिसकडे जायचं कसं? हा रविवार जाऊ दे, म्हणाला. मग पुढचाही. गाडीत दाराची मूठ घट्ट धरून बसायचा आणि स्वतःची समजूत घालायचा, की काही झालंच तर मीही बरोबर आहे. हे त्याने मला सांगितलं तेव्हा कॉफीची किटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. अरे, रविवार सोडला तर तिच्या शेजारच्या जागेवर कोण बसत होतं?

ते त्याला तिसऱ्या आठवड्यात दिसलं. ऑर्विलला पहाटेच बाहेर जायचं होतं म्हणून त्याने टिलीला मर्लकडे सोडलं. ती पिकअपमध्ये चढली, पट्टा लावला आणि खिडकीतून ओरडली, "आजोबा, तुमच्या जागेवर बसलेय. चालेल ना?"

मर्ल पायऱ्या उतरून खाली आला. "टिली, उतर. ब्रिन, किल्ली दे."

"आजोबा, उशीर होतोय."

"दे आधी."

त्याने सगळं सांगितलं. ऑर्विलची गाडी समोरून आल्याचं ब्रिनला काही आठवत नव्हतं. अशा वेळी ज्याला होतं त्यालाच कळत नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

"तीन आठवडे."

"मला कळलं नव्हतं, आजोबा. तुम्हाला कळलं होतं. सांगितलं असतंत तर मी हिला एक दिवससुद्धा बसवलं नसतं."

"मला आर्लिसकडे कोण नेणार होतं?" तो बोलून गेला. आपल्याच तोंडून ते ऐकलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ब्रिनने डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवून एवढंच विचारलं, "ऑर्विलकाकांना मी सांगू की तुम्ही?"

"मी."

दुपारी तो काठी टेकत, रस्त्याची कड धरून ऑर्विलकडे गेला.

"अरे, चालत कशाला? फोन करायचास, आलो असतो न्यायला," ऑर्विल म्हणाला आणि खुर्ची पुढे केली. मर्ल बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, आर्लिसचं कारणसुद्धा लपवलं नाही.

ऑर्विलने पुढे केलेली खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "त्या दिवशी मीच तुला घरी सोडलं."

"हो."

"वाटेत तुला टिलीच्या पडलेल्या दाताची गंमत सांगत होतो."

"हो."

"आणि तू ऐकत होतास."

दोन गाड्या दारातच उभ्या होत्या. ऑर्विलने त्याला सोडायला येतो म्हटलं नाही. मर्ल आला तसा चालत परत गेला.