दाराशी ठेवलेल्या चपला

मिरजगावच्या मामांची खोली मी दुसऱ्याला देऊन टाकली, ही माझीच चूक. नगरला कॅन्सरचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला येणाऱ्या खेड्यातल्या रुग्णांसाठी सरकारी अनुदानावर एक निवास चालतो. तिथली व्यवस्था मी पाहतो.

मामींना शेक चालू होता, म्हणून दोघं तिथं राहत. मामा कमी बोलत. मामींना घेऊन बाहेर निघाले की त्यांच्या जुन्या चपला दाराशी नीट जोडून ठेवत. मी हसलो, तर म्हणाले, "घरात बाईमानूस हाय असं दिसाया पायजे, सायेब."

शनिवार-रविवार शेकाचं मशीन बंद असतं, म्हणून दोघं गायी बघायला गावी गेले. कुलूप दिसलं की खोली रिकामी धरायची, असा नियम. मी चपला कोपऱ्यात सारल्या आणि नेवाशाहून आलेल्या एका बाईला खोली दिली.

सोमवारी मामा मामींसह दुधाची किटली घेऊन आले. कॉटवर झोपलेल्या बाईकडे पाहून म्हणाले, "हिलाबी शेक हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग झोपू द्या. आमी बसतो व्हरांड्यात." त्यांनी तिच्या उशाशी तांब्याभर दूध ठेवलं.

मी ऑफिसातलं टेबल बाहेर काढून आत कॉट टाकली. मग मामींच्या चपला आणून ऑफिसच्या दाराशी जोडून ठेवल्या.

"शेक संपेपर्यंत ही खोली मामींची," मी म्हणालो. "माझं चुकलं, मामा."