ख्लेबची शेपटी

रशियन शिकवणाऱ्या बाईंचा सगळा जीव शब्दाच्या शेपटीत अडकलेला. रशियन लोक पावाला लिहितात 'ख्लेब' आणि म्हणतात 'ख्लेप'. शब्दाच्या शेवटी गळा थरथरलेला त्यांना खपत नाही. म्हणून बाई सगळ्यांना गळ्यावर बोटं ठेवून बोलायला लावत. आख्खा वर्ग गळा धरून बसलेला बघून खालच्या दुकानातला शिंपी म्हणायचा, "फी भरून फास कशाला घ्यायचा?"

तरी प्रत्येकाचा 'ब' थरथरायचाच. ओरडून ओरडून शेवटी बाईंचाच आवाज बसला. डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं. बाई कुजबुजून शिकवू लागल्या. त्यांचं बघून वर्गही कुजबुजू लागला, आणि कुजबुजताना गळा थरथरतच नाही. सगळ्यांच्या शेपट्या बिनचूक. शब्दांच्या सुरुवातीचे 'ब'सुद्धा 'प' होऊन गारद झाले, पण तिकडे बाईंनी काणाडोळा केला.

घरी येऊन त्यांनी ही बातमी नवऱ्याच्या कानात सांगितली. पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तुझ्या ओरडण्यानंच सगळं बिघडत होतं."

बाईंनी दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली आणि जरा दाबली. त्याचा पुढचा शब्द अस्सल रशियन निघाला.