नाव आलं की दावा

गगनबावड्याच्या सकाळच्या एसटीत ते रोज माझ्या शेजारी बसायचे. मांडीवर दुधाच्या नमुन्यांची पेटी, आणि खड्डा आला की तिच्यावर दोन्ही हात. गावोगावच्या डेअऱ्यांमधली फॅटची मशीनं बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि उरल्या वेळात अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीनं टिपलेल्या एका ताऱ्याचा अभ्यास करतो. कोल्हापुरात या नादाला लागलेला दुसरा कुणी मला अजून भेटलेला नाही. या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना ईमेलनं एक बातमीपत्र येतं. सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं, कुणाला कुठं नोकरी लागली, असलं काहीबाही. मी ते एसटीतच वाचायचो.

एकदा माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं, पावणं?"

"दुर्बिणीचं माप आधी चुकीचं धरलं होतं म्हणे. माझं दोन वर्षांचं काम परत करायचं."

"तारा हाय न्हवं जाग्यावर? मग करायचं की परत." मग मोबाइलवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यात तुमच्या वळखीचं कोन हाय?"

"कुणीच नाही."

त्यांनी मांडीवरची पेटी नीट धरली. "तुमचं नाव आलं की दावा मला."

परवा आलं. सॉफ्टवेअरमधली एक चूक कळवल्याबद्दल आभार, अगदी शेवटच्या ओळीत. पण महिनाभर ते एसटीत दिसलेच नव्हते. कंडक्टरकडं चौकशी केली.

"नाव काय त्येंचं?"

तीन वर्षं शेजारी बसून मी ते विचारलंच नव्हतं. त्यांनीही माझं कधी विचारलं नाही. माझं नाव ते त्या बातमीपत्रातच वाचणार होते.